मेकला शून्य एरर, एडिटरला मात्र सगळं लाल: टाइपची माहिती नक्की कोणाकडे असते?

भोसरी_बस_स्टॉप | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. वेळ वाईट आहे, पण डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

मी फर्मवेअरमध्ये आहे, नोकरीला आठ महिने झाले. चाकणच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. बोर्डावर एसटीएम३२एफ४०७ चिप, भाषा सी, कंपायलर आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी, आणि बिल्ड चालतो कुणीतरी फार पूर्वी हाताने लिहिलेल्या मेकफाइलवर (काय, कसं बांधायचं ते मेक या टूलला सांगणारी फाइल). ते गृहस्थ कधीच नोकरी सोडून गेले. तेव्हापासून त्या मेकफाइलला कोणी हात लावत नाही, देव्हाऱ्यातल्या टाकासारखी ती जिथे आहे तिथेच.

गेल्या महिन्यात टीमने जुना आयडीई सोडून व्हीएस कोड घेतला, त्यात क्लँगडी (टाइप करता करता कोड तपासणारं टूल). तेव्हापासून तमाशा सुरू आहे. मेक चालवलं की एक एरर नाही, एक वॉर्निंग नाही. तीच फाइल एडिटरात उघडली की गणपतीच्या मांडवासारखी लाल. पहिल्याच ओळीत एसटीएम३२एफ४एक्सएक्स_हाल.एच (चिपच्या हाल या लायब्ररीचं हेडर) सापडत नाही. मग जीपीआयओ_टाइपडेफ म्हणजे काय ते माहीत नाही. मग 'टू मेनी एरर्स एमिटेड, स्टॉपिंग नाउ' म्हणून हात वर.

कुठेतरी वाचून मी कंपाइल_फ्लॅग्ज.टीएक्सटी नावाची फाइल केली, त्यात सगळे -आय पाथ (हेडर कुठे शोधायचे ते सांगणारे) हाताने टाकले. हेडर सापडलं! पण आता त्या हेडरच्या पोटातूनच एरर येतो: आधी टार्गेट डिव्हाइस निवडा म्हणतो. अरे बाबा, निवडलंय की. बोर्ड माझ्यासमोर चालतोय, एलईडी लुकलुकतोय. शिवाय जिथे जिथे पॉइंटर यूइंट३२_टी मध्ये (३२ बिटांच्या आकड्यात) कास्ट केलाय तिथे पिवळी रेघ.

माझा प्रश्न साधा आहे. जीसीसीला सगळे टाइप माहीत असणारच, त्याशिवाय बायनरी बनलीच नसती. मग तो ती माहिती एखाद्या फाइलमध्ये लिहून एडिटरला का देत नाही? दोघं एकाच मशिनवर, एकाच फोल्डरमध्ये बसलेत.

---

कडक_कॉफी | बुधवार, सकाळी ८.१५

सेटिंगमध्ये जाऊन लाल रेघा बंद कर. आम्ही सगळ्यांनी तेच केलंय. मेक हिरवा असला की झालं, एडिटर हा शेवटी रंगीत नोटपॅडच. तुझ्या मॅनेजरला बायनरी हवी आहे, एडिटरचं प्रमाणपत्र नको.

---

मेकफाइलमावशी | बुधवार, दुपारी १.५०

डबा खाता खाता लिहितेय, तेव्हा लांबलं तर गोड मानून घ्या.

कॉफी, रेघा बंद केल्या म्हणून क्लँगडीला कोड कळायला लागत नाही, त्याला कळत नाहीये एवढंच आपल्याला दिसेनासं होतं. मग एफ१२ (नावावरून त्याच्या व्याख्येवर नेणारी कळ) भलतीकडे नेतो, नाव बदलायला जावं तर निम्म्या जागा सुटतात, आणि पोरं म्हणतात टूलच फालतू आहे.

भोसरी, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. आधी आजचं काम, इतिहास नंतर. (कमांड मी देवनागरीत लिहितेय, टर्मिनलात रोमनमध्येच टाक. मागे एकाने खरंच इथून पेस्ट केलं होतं.)

तुझ्या मशिनवर एक कंपायलर नाही, दोन आहेत. जीसीसी बायनरी बनवतो. एडिटरच्या मागे बसलेल्या क्लँगडीच्या पोटात क्लँगचा पुढचा निम्मा भाग आहे, म्हणजे कोड वाचून त्याचा अर्थ लावणारा. मशिनकोड बनवायचं काम त्याच्याकडे नाही. हे दोघं एकमेकांशी कधी बोललेले नाहीत. मेक चालतं तेव्हा जीसीसी एकेका फाइलसाठी उठतो, कोणतं नाव कुठलं, कोणता स्ट्रक्ट किती बाइटचा हे सगळं शोधून काढतो, .ओ फाइल (त्या एका फाइलचा मशिनकोड) टाकतो आणि मरतो. जे कळलं होतं त्यातलं बहुतेक त्याच्याबरोबर जातं.

आता मुद्दा. सी मध्ये फाइल ही अर्धीच असते. उरलेली अर्धी कमांडमध्ये असते. तुला आलेला तो 'डिव्हाइस निवडा'वाला एरर उघडून बघ, एसटीएम३२एफ४एक्सएक्स.एच मध्ये आहे. तिथे इफ-एलिफची लांबलचक शिडी दिसेल: एसटीएम३२एफ४०५एक्सएक्स डिफाइन असेल तर हे हेडर, ४१५ असेल तर ते, ४०७ असेल तर ते, आणि यातलं काहीच नसेल तर #एरर. तू 'निवडलंय की' म्हणतोस ते कुठे निवडलंय? सोर्समध्ये कुठेच नाही. मेकफाइलमध्ये कुठल्यातरी सीफ्लॅग्जच्या ओळीत -डीएसटीएम३२एफ४०७एक्सएक्स असेल (-डी म्हणजे पुढचं नाव डिफाइन कर). जीसीसीला ते दर वेळी कानात सांगितलं जातं. क्लँगडीला कोणी सांगितलं? आणि ते एक -डी नसलं तर जीपीआयओचा, यूआर्टचा, टायमरचा, एकाही पेरिफेरलचा टाइप अस्तित्वातच येत नाही. चौदाशे लाल रेघा असल्या तरी रोग एकच असतो.

ती पिवळी रेघ त्याहून बोलकी आहे. पॉइंटर ३२ बिटांत कोंबू नकोस असं तो सांगतोय, कारण त्याच्या समजुतीने पॉइंटर ६४ बिटांचा आहे. म्हणजे तो तुझा कोड तुझ्या लॅपटॉपसाठी वाचतोय! त्याच्या जगात लाँग ८ बाइटचा आहे आणि साधा कॅर चिन्हासकट. तुझ्या बोर्डावर लाँग ४ बाइटचा आणि कॅर बिनचिन्हाचा.

तेव्हा हाताने फ्लॅग लिहिणं सोड, ती कंपाइल_फ्लॅग्ज फाइल उडव. क्लँगडीला हवी असते कंपाइल_कमांड्स.जेसन. त्यात दर सोर्स फाइलमागे एक नोंद: कोणत्या फोल्डरातून, कोणती फाइल, कोणत्या कमांडने. मेकफाइल आपोआप बनवणारं सीमेक असतं तर सीमेक_एक्स्पोर्ट_कंपाइल_कमांड्स ऑन करून मोकळा झाला असतास, ही सोय २०११ पासून आहे. तुझी मेकफाइल हातची, म्हणून बेअर वापर. उबंटूत एपीटीने मिळतो. 'बेअर -- मेक' असं चालवायचं. तो मेकफाइल वाचतच नाही (देव्हाऱ्याला हात लागत नाही, काळजी नको). मेक ज्या ज्या प्रोग्रॅमना उठवतं ते तो दारात उभा राहून बघतो, आणि जीसीसीची प्रत्येक हाक जशीच्या तशी वहीत, म्हणजे त्याच कंपाइल_कमांड्स.जेसनमध्ये, लिहितो.

इथे सगळे एकदा तरी पडतात: मेक क्लीन आधी. सगळं आधीच बांधलेलं असेल तर मेक जीसीसीला उठवतच नाही, आणि बेअरच्या वहीत रिकामा चौकटी कंस. मी त्या रिकाम्या कंसाकडे बघत अख्खी दुपार काढली आहे, बेअरला शिव्या देत.

वही मिळाली तरी एक गोष्ट त्यात नसते. जीसीसीच्या स्वतःच्या हेडर फाइल्स कुठे आहेत ते तो कमांडमध्ये लिहीत नाही, ते त्याला जन्मतः माहीत असतं. क्लँगडीला ते विचारून घ्यावं लागतं. त्याला चालू करताना --क्वेरी-ड्रायव्हर= आणि पुढे तुझ्या आर्म-नन-ईएबीआय-जीसीसीचा पूर्ण पाथ दे. मग तो जीसीसीला एकदा -व्ही लावून चालवतो, आणि तो जे पाथ आणि टार्गेट बोलतो ते उतरवून घेतो. हे आपोआप का करत नाही? कारण वहीत लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम एडिटरने नुसती फाइल उघडल्याबरोबर चालवायचा, म्हणजे उद्या कुणाचाही रेपो (कोडचा साठा) उघडला की त्याचा प्रोग्रॅम तुझ्या मशिनवर चालला. म्हणून परवानगी हाताने द्यायची.

शेवटी थोडे फ्लॅग उरतील जे जीसीसीचे आहेत आणि क्लँगला कळत नाहीत. उदाहरणार्थ -एफनो-ट्री-स्विच-कन्व्हर्जन. 'अननोन आर्ग्युमेंट' म्हणून रडेल. प्रोजेक्टच्या मुळाशी .क्लँगडी नावाची फाइल करून कंपाइलफ्लॅग्ज खाली रिमूव्हमध्ये तेवढे टाक. काय चाललंय ते सविस्तर बघायचं असेल तर टर्मिनलातून क्लँगडी --चेक=मेन.सी. कोणती कमांड कुठून घेतली, सगळं बोलून दाखवतो.

आता इतिहास. डबा संपला, पण मीटिंगला वीस मिनिटं आहेत.

'जीसीसी लिहून का देत नाही' हे लोकांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच विचारलं होतं. किटवेअर कंपनीच्या ब्रॅड किंगने जीसीसीला ठिगळ लावून जीसीसी-एक्सएमएल केलं, ते सी++ मधल्या सगळ्या क्लास-फंक्शनांची जंत्री एक्सएमएलमध्ये ओकायचं. पण ते ठिगळच होतं, जीसीसीच्या घरचं नव्हे. घरच्यांची अडचण तांत्रिक कमी आणि तत्त्वाची जास्त होती. जीसीसी सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांचं म्हणणं असं की जीसीसीने कोडचा पूर्ण वृक्ष (वाचून समजलेल्या कोडची मांडणी) बाहेर लिहून दिला, तर उद्या कुणी बंदिस्त कंपनी पुढचा भाग जीसीसीचा घेईल, मागचा आपला लावेल, आणि जीपीएल (जीसीसीचा मुक्त परवाना) हात चोळत बसेल. प्लगिनची सोयसुद्धा २०१० साली ४.५ मध्ये आली, तीही परवान्याची तजवीज केल्यावर. ईमॅक्स या एडिटरला नीट कंप्लीशन (टाइप करताना पुढचं सुचवणं) मिळावं म्हणून २०१४-१५ च्या सुमारास हा वाद त्यांच्याच मेलिंग लिस्टवर पुन्हा रंगला, आणि गंमत म्हणजे ईमॅक्सही स्टॉलमन यांचाच. त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण तोवर गाडी दुसऱ्या फलाटावरून सुटली होती. २००० साली इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्याचे मार्गदर्शक विक्रम आडवे (हे आपल्या मुंबई आयआयटीचे) यांनी एलएलव्हीएम हा कंपायलर बांधायचा प्रकल्प सुरू केला. २००७ मध्ये अ‍ॅपलने क्लँग खुला केला, आणि क्लँग मुळातच लायब्ररी म्हणून बांधलेला होता. एडिटरने आत यावं, वृक्ष हवा तसा चाचपावा, हीच कल्पना. जीसीसी-एक्सएमएल करणाऱ्यांनीही पुढे तेच काम क्लँगवर नव्याने केलं, त्याचं नाव कास्टएक्सएमएल.

जीसीसी अगदीच मुका नाही. पवईला प्रा. उदय खेडकर जीसीसीवर कार्यशाळा घ्यायचे, 'एसेन्शियल अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी'. -एफडंप-ट्री-ऑल लावलं की एका फाइलमागे टप्प्याटप्प्याच्या डंप फाइल्सचा ढीग पडतो, आणि तो वाचायला शिकणं हा त्या अभ्यासाचाच भाग. पण ती कंपायलर लिहिणाऱ्यांसाठी काढलेली क्षकिरणं. त्यांचा साचा आवृत्तीगणिक बदलतो, त्यावर एडिटर उभा करता येत नाही.

पळते. बेअर चालवून सांग.

---

भोसरी_बस_स्टॉप | बुधवार, रात्री १०.०५

मावशी, साष्टांग नमस्कार!

मी पण रिकाम्या कंसात पडलो. तुम्ही लिहिलं होतं तरी पडलो, कारण आमच्या मेकफाइलमध्ये 'क्लीन' फक्त बायनरी उडवतं, .ओ फाइल्स नाही. बिल्ड फोल्डर हाताने डिलीट केला तेव्हा वही भरली. -डीएसटीएम३२एफ४०७एक्सएक्स सापडलं, मेकफाइलने इन्क्लूड केलेल्या तिसऱ्याच फाइलमध्ये. क्वेरी-ड्रायव्हर लावल्यावर पिवळ्या रेघा गेल्या. पहिल्यांदाच हाल_जीपीआयओ_इनिटवर माउस नेला आणि तो खरंच बोलला. भरून आलं.

आता पूर्ण प्रोजेक्टमध्ये एकच लाल रेघ उरलीय, आणि ती मला झोपू देत नाही. आमच्या फ्रेमच्या हेडरचा स्ट्रक्ट असा आहे: पहिला मेंबर 'टाइप' नावाचा enum (तुम्ही लिहिता तसं देवनागरीत, एनम; नावं दिलेल्या ठरावीक किमती), मग यूइंट८_टी लेन, मग यूइंट१६_टी आयडी, मग यूइंट३२_टी स्टँप. खाली _स्टॅटिक_असर्ट, की साइझऑफ ८ असलाच पाहिजे. जीसीसी गप्प बसून कंपाइल करतो. क्लँगडी म्हणतो असर्ट फेल, '१२ == ८'.

पॅक्ड (मेंबरांमध्ये रिकामी जागा नको) वगैरे काही लावलेलं नाही. टार्गेट आता आर्मच आहे, लॉगमध्ये बघितलं. मग दोघांतला खोटं कोण बोलतंय? गाडीत जाणारा माल आहे, म्हणून विचारतोय.

---

मेकफाइलमावशी | गुरुवार, सकाळी ६.३०

आधी त्या असर्टला नमस्कार कर. ज्याने लिहिला तो शहाणा होता. (आणि रोमन अक्षरं बघून डोळे मिटून घेतलेत मी.)

खोटं कोणीच बोलत नाहीये. एनमला किती बाइट द्यायचे हे सी भाषा कंपायलरवर सोडते. आर्म-नन-ईएबीआयचा जीसीसी न सांगता -एफशॉर्ट-एनम्स धरून चालतो: सगळ्या किमती एका बाइटात मावत असतील तर एनम एक बाइटाचा. क्लँग तसं आपणहून धरत नाही, त्याच्या लेखी एनम ४ बाइटचा, टार्गेट आर्म दिलं तरी. आता बोटांवर मोज. जीसीसीकडे टाइप ० वर, लेन १ वर, आयडी २ वर, स्टँप ४ वर, एकूण ८. क्लँगडीकडे टाइप ० ते ३, लेन ४ वर, मग एक बाइट रिकामा, आयडी ६ वर, स्टँप ८ वर, एकूण १२. लेनवर माउस ने, ऑफसेट ४ दाखवेल. क्लँगडी स्ट्रक्टच्या मेंबरवर ऑफसेट आणि साइझ दोन्ही दाखवतो, फार लोक बघत नाहीत.

.क्लँगडी फाइलमध्ये कंपाइलफ्लॅग्ज, अ‍ॅड, -एफशॉर्ट-एनम्स. माउस पुन्हा ने, ऑफसेट १ झाला पाहिजे.

आणि खरं कोण हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नकोस. तू परवा विचारलंस जीसीसी टाइप लिहून का देत नाही. देतो की! -जी लावलं की एल्फ फाइलमध्ये (तयार बायनरीत) ड्वॉर्फ नावाने सगळे टाइप, सगळे ऑफसेट लिहून ठेवतो. फक्त ते डीबगरसाठी. जीडीबी या डीबगरात ती एल्फ उघड आणि 'पीटाइप /ओ स्ट्रक्ट' पुढे तुझं नाव टाक. डाव्या बाजूला समासात प्रत्येक मेंबरचा ऑफसेट आणि साइझ छापून येईल. गाडीत हेच जाणार, ते अंतिम.

पुढचा प्रश्न तुझ्या ओठांवर आलाय तो मीच विचारते: मग एडिटरने ड्वॉर्फच का वाचू नये? कारण ड्वॉर्फ म्हणजे झालेल्या बाळंतपणाचा दाखला, आणि एडिटरला काम असतं ते कळा चालू असताना. तू एचयूआर्ट-> एवढं टाइप करून थांबतोस, तेव्हा ती फाइल कुठल्याही कंपायलरच्या दृष्टीने मोडकी असते, तिची .ओ बनूच शकत नाही. आणि नेमकं त्याच क्षणी तुला यादी हवी असते. क्लँगमध्ये याला एक नामी युक्ती आहे. जिथे कर्सर आहे तिथे लेक्सर (कोडचे शब्द पाडणारा भाग) एक खोटं टोकन, म्हणजे शब्द, पेरतो, कोड-कंप्लीशन नावाचं. पार्सर (शब्दांची वाक्यं लावणारा) नेहमीसारखा वाचत येतो, त्या टोकनला ठेचकाळतो, आणि तिथेच अर्थ लावणाऱ्या भागाला विचारतो, 'इथवर आलोय, डावीकडचा टाइप अमुक आहे, पुढे काय काय येऊ शकतं?' तेव्हा मेंबरांची यादी मिळते. ही गोष्ट आधी लिहून ठेवलेल्या फाइलमधून मिळणारी नाही, जिवंत कंपायलरच हवा.

जिवंत कंपायलर दर अक्षराला हालची सगळी हेडर्स वाचत बसला तर लॅपटॉपवर पोळ्या भाजता येतील. म्हणून क्लँगडी फाइलचा वरचा इन्क्लूडांचा भाग एकदाच वाचून बांधून ठेवतो, त्याला प्रीअँबल म्हणतात. खाली फंक्शनमध्ये टाइप करताना सगळं चटचट, पण वर एक नवा इन्क्लूड टाकला की क्षणभर दम खातो. तुझ्या लक्षात आलं असेल.

ड्वॉर्फची आणखी एक खोड: कोडमध्ये न वापरलेले टाइप जीसीसी त्यातून गाळतो, आणि मॅक्रो तर -जी३ लावल्याशिवाय येतच नाहीत. आपल्या धंद्यात निम्मा कोड मॅक्रोंचा. कसं व्हायचं?

मी २००३ साली नोकरीला लागले तेव्हा सीटॅग्ज आणि सीस्कोप एवढंच होतं. सीटॅग्जला टाइप-बिइप काही कळत नाही, नाव कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर दिसलं तेवढी अनुक्रमणिका. आमच्याकडे इनिट नावाची चौदा फंक्शनं होती, वेगवेगळ्या बोर्डांच्या फोल्डरात. सीटॅग्जने मला पहिल्या इनिटवर नेऊन सोडलं, आणि मी अर्धा दिवस दुसऱ्याच बोर्डाची फाइल दुरुस्त करत बसले. दर वेळी फ्लॅश करायचं (बोर्डावर चढवायचं), दर वेळी काहीच बदलत नाही. शेवटी कंटाळून त्या फाइलमध्ये मुद्दाम कचरा टाइप केला, तरी बिल्ड पास! तेव्हा उजेड पडला. आजही मला एडिटरवर शंका आली की मी हेच करते, फाइलमध्ये चार अक्षरं बडबडते आणि मेक चालवते. मेक गप्प बसलं तर समजायचं, फाइल बिल्डमध्येच नाही.

---

स्टुटगार्टचा_सदू | गुरुवार, रात्री ९.२०

उशिरा आलो, पण दोन गोष्टी.

एक, 'कंपायलरने लिहून द्यावं आणि एडिटरने वाचावं' हा रस्ता इतर भाषांनी चालून बघितलाय. ओकॅमलमध्ये -बिन-अ‍ॅनॉट लावला की कंपायलर .सीएमटी फाइल टाकतो, टाइप लावलेला पूर्ण वृक्ष, आणि ते आजही चालतं. रस्टमध्ये सेव्ह-अ‍ॅनालिसिस म्हणून तसंच होतं, एडिटरला माहिती पुरवणारा जुना आरएलएस सर्व्हर त्यावर उभा होता. पण कंपायलर अख्खा क्रेट (रस्टचं पॅकेज) तपासून उठेपर्यंत एडिटर ताटकळत बसायचा. शेवटी रस्ट-अ‍ॅनालायझरवाल्यांनी नवा पुढचा भाग लिहिला, जेवढं विचारलं तेवढंच मोजणारा, आणि २०२२ मध्ये आरएलएसला निवृत्त केलं. म्हणजे रस्टमध्येही आता दोन डोकी आहेत, आणि अधूनमधून त्यांचंही जमत नाही. सी# मध्ये उलटं: रोझलिन, म्हणजे बिल्डला आणि एडिटरला एकच कंपायलर. मला तो मार्ग जास्त पटतो, पण त्यासाठी कंपायलर पहिल्यापासून नव्याने लिहायची हिंमत आणि पैसा लागतो. मायक्रोसॉफ्टकडे दोन्ही होतं.

दोन, भोसरीसाठी. त्या वहीत .एच फाइल्स नसतात. हेडर कोणी स्वतंत्र कंपाइल करत नाही, मग त्याची कमांड कुठून येणार? क्लँगडी नावाचा जवळचा नातेवाईक शोधतो, कॉम्स.एच उघडलं तर कॉम्स.सी चे फ्लॅग लावतो. नातेवाईक सापडला नाही तर जवळपास दिसेल त्याचे. आणि तुमच्याकडे बूटलोडर (चिप सुरू होताच आधी चालणारा प्रोग्रॅम) आणि अ‍ॅप्लिकेशन एकाच रेपोत असतील (असतातच) तर मजा येते. सीआरसी.सी दोन्हीकडे कंपाइल होते, दोन वेगळ्या -डी सकट. वहीत तिच्या दोन नोंदी, क्लँगडी त्यातली एकच धरतो. राखाडी दिसणारा इफडेफचा भाग मेलेला आहे समजून डिलीट करू नका. आमच्याकडे एका भल्या माणसाने केला होता, बूटलोडर त्याच दिवशी गेला.

---

मेकफाइलमावशी | गुरुवार, रात्री १०.१०

सदू, दुसरा मुद्दा सोन्यासारखा. माझा जुगाड: बेअर दोनदा चालवायचा, बूटसाठी एक वही, अ‍ॅपसाठी एक, दोन वेगळ्या फोल्डरांत. मुळाशी कंपाइल_कमांड्स.जेसन ही नुसती सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी). ज्यावर काम चालू असेल तिकडे वळवायची आणि क्लँगडी रीस्टार्ट. सुंदर नाही, पण चुकत नाही.

रोझलिनबद्दल पटलं. पण सी मध्ये एकच कंपायलर ठेवायचा तर आपल्याला बिल्डही क्लँगवर न्यावा लागेल, आणि ज्या कंपायलरने माल पास झालाय तो बदलायला आमचे क्वालिटीवाले मेल्यावरही सही करणार नाहीत.

---

भोसरी_बस_स्टॉप | शुक्रवार, संध्याकाळी ७.४५

ऑफसेट १ आला! पीटाइप /ओ पण केलं, दोन्ही जुळतात, ८. टीम लीडला जीडीबीचा तो समास दाखवला, तो म्हणाला हे रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये टाकूया. बेअरची कमांड मी एका वेगळ्या स्क्रिप्टमध्ये ठेवलीय, मेकफाइलला हात लावलेला नाही.

एक शेवटचं, मग त्रास देत नाही. हाल_यूआर्ट_आरएक्ससीपीएलटीकॉलबॅकवर एफ१२ दाबलं की तो मला हालच्या आतल्या रिकाम्या फंक्शनवर नेतो, ज्यात 'हे बदलू नका' अशी कॉमेंट आहे. आमचं खरं फंक्शन कॉम्स.सी मध्ये आहे, आणि बोर्डावर तेच चालतं, ब्रेकपॉइंट लावून बघितलंय. आता लाल रेघ एकही नाही. मग हे काय?

---

मेकफाइलमावशी | शुक्रवार, रात्री ९.००

हालमधल्या त्या रिकाम्या फंक्शनच्या आधी __वीक लिहिलेलं आहे, बघ. एकाच नावाची दोन फंक्शनं, एक दुबळं, एक तुझं. कोणतं राहणार हे कंपायलर ठरवतच नाही, लिंकर (सगळ्या .ओ फाइल्स जोडून बायनरी बनवणारा) ठरवतो. आणि लिंकरच्या वेळी क्लँगडी खोलीतच नसतो. त्याच्या वहीत कंपाइलच्या कमांड आहेत, लिंकची एकही नाही. त्याला दोन व्याख्या दिसल्या, एकीवर नेऊन सोडलं.

लिंकच्या ओळीत -डब्ल्यूएल,-मॅप=आउट.मॅप आहे का बघ, बहुधा असेलच. ती मॅप फाइल उघडून त्यात हे नाव शोध. समोर कॉम्स.ओ लिहिलेलं दिसेल. नसेल दिसत तर तुझ्या फंक्शनच्या नावात स्पेलिंगची चूक आहे आणि दुबळंच चालतंय. ते मी स्वतः केलेलं आहे, कॉलबॅकमधल्या एका एल वरून, तीन दिवस.